हातानं घडवलेला पाइप: गुळगुळीत घ्यावा की सँडब्लास्ट?

काष्ठवेडा
मंडळी एक विचारायचं होतं. मी ओढत वगैरे नाही, लाकूडकामाचं वेड आहे म्हणून तंबाखूचे पाइप जमवायला लागलोय. आता एकाच कारागिराचे दोन पाइप समोर आहेत, आकार जवळजवळ सारखाच, एक गुळगुळीत स्ट्रेट ग्रेन (सरळ उभ्या रेषांचा) आणि एक सँडब्लास्ट (वाळूच्या माऱ्यानं खडबडीत केलेला), आणि पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट. लाकूड तर दोन्हीकडे ब्रायरच ना? मग नुसत्या रेषांचे एवढे पैसे का मोजायचे?

धूरकट
रेषांचे नाही, नशिबाचे पैसे आहेत ते 😄 ब्रायर म्हणजे एरिका आर्बोरिया नावाच्या झुडपाची गाठ, भूमध्य समुद्राच्या काठाला होते, खोड आणि मुळं यांच्या मधे जमिनीखाली वाढते, त्यामुळे आत काय काय अडकून बसलंय ते कापल्याशिवाय कळतच नाही. गाठ आधी तासन् तास उकळतात, मग महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं वाळवतात, एवढं सगळं झाल्यावर कारागीर घडवायला बसतो आणि अगदी शेवटच्या पॉलिशपेपरला टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा वर येतो. झालं, गुळगुळीत पाइप गेला! चारी बाजूंनी सरळ उभ्या रेषा आणि डाग एकही नाही असा तुकडा क्वचितच निघतो, म्हणून तो भाव.

खोडरबर
वरचं सगळं मान्य, पण म्हणून सँडब्लास्ट म्हणजे उरलासुरला माल असं समजू नका हां. डनहिल या इंग्रज पाइप कंपनीनं १९१७ च्या सुमारास ही पद्धत आणली, वाळूचा मारा केला की मऊ लाकूड झडतं आणि कडक कडा उठून राहतात. उभ्या रेषांच्या तुकड्यावर नीट ब्लास्ट केला तर वाढीची वलयं बोलभोवती, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीभोवती, आडवी, एकावर एक दिसतात. अंगठा फिरवून बघा एकदा. मला विचाराल तर साध्या रेषांच्या गुळगुळीत पाइपपेक्षा असा ब्लास्ट कधीही घेईन.

आणि दोन्हीतला कुठलाही घ्या, आधी भोक बघा. रेषा फोटोत दिसतात, भोक दिसत नाही. बोलमधे टॉर्च मारा, हवेचं भोक बरोब्बर तळाला उघडलं पाहिजे, वर किंवा बाजूला सरकलेलं नको. स्टेम (तोंडात धरायची नळी) न काढता पाइप क्लीनर (सफाईची केसाळ तार) टोकापासून बोलपर्यंत न अडकता गेला पाहिजे. स्टेम आणि दांडीचा (बोलला जोडलेल्या लाकडी भागाचा) सांधा उजेडासमोर धरा, फट दिसता कामा नये. हे चुकलेलं असेल तर रेषा कितीही सरळ असोत, काय उपयोग

काष्ठवेडा
पण मी ओढणारच नाही तर भोकाचं मला काय?

खोडरबर
अहो कारागिराचा हात तिथेच कळतो की! बाहेरून पॉलिश कोणीही मारेल. शिवाय उद्या विकायचा झाला तर घेणारा पहिला क्लीनरच घालून बघणार.

डॅनिशप्रेमी
जमवायचंच असेल तर डॅनिश लोकांचं काम बघा. सिक्स्टन इवार्सन मूळचा स्वीडिश, कोपनहेगनला पाइप दुरुस्त करता करता स्वतःचे घडवायला लागला आणि ठरलेले आकार सोडून लाकूड नेईल तसं जायचं हे वळण त्यानं लावलं. पुढे मुलगा लार्स आणि नात नाना दोघंही यातच. त्यांचे पाइप आवाक्यात नसतात ते सोडा, पण फोटो बघून नजर तयार होते.

काष्ठवेडा
बघतो. सध्या ब्लास्टकडेच मन झुकलंय. स्टेम एबोनाइटचं (कडक रबराचं) आहे, कपाटात ठेवलं तर चालेल ना?

धूरकट
काचेचं कपाट आणि ऊन येत असेल तर नको, एबोनाइट उजेडानं हिरवट पिवळं पडतं. अ‍ॅक्रिलिकला तो त्रास नाही पण दातांना कडक लागतं, तुम्हाला काय त्याचं म्हणा. बंद खणात ठेवा, आणि स्टेम काढायचंच झालं तर बोल नाही, दांडी धरून हळू फिरवत काढा.