जुन्या वह्या सरसकट फ्लॅशकार्डांवर उतरवाव्यात का?

धागाकर्ता

माझे मत आधीच सांगतो: काही वर्षांपूर्वीच्या टिपणवह्या ओळीमागून ओळ फ्लॅशकार्डांवर (एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर) उतरवणे हा अभ्यास नसून नक्कल आहे. शरीरक्रियाशास्त्राच्या दोन वह्यांतून मी 900 कार्डे केली आणि ‘अंकी’ या फ्लॅशकार्डांच्या अ‍ॅपच्या मूळ मांडणीप्रमाणे रोज 20 नवी कार्डे घेत गेलो. मात्र प्रत्येक नवे कार्ड पुढे पुन्हा पुन्हा समोर येत असल्यामुळे रोजची उजळणी दीडशेच्या पुढे गेली आणि सहाव्या आठवड्यात मी ती सोडून दिली. त्यांतली निम्मी कार्डे मला येतच असलेल्या गोष्टींची होती. उरलेल्यांत ‘रक्तदाब – वरचा घटक महत्त्वाचा’ अशा ओळी होत्या. हा ‘वरचा’ म्हणजे फळ्यावरच्या कोणत्या आकृतीतला, हे आता मलाही सांगता येत नाही.

पहिला प्रतिसाद

असहमत. आपला अनुभव घाईचे तोटे दाखवतो, पद्धतीचे नव्हे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 सालच्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, परंतु तोच उतारा न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांनी आठवड्यानंतरच्या चाचणीत त्यांना मागे टाकले. जुनी वही नुसती चाळली की सारे ओळखीचे वाटते आणि ती ओळख म्हणजेच ज्ञान असा आपला समज होतो. कार्ड तो समज टिकू देत नाही. शिवाय मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने स्वतःवरच केलेल्या आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पाठ केलेले अक्षरगट महिन्याने पुन्हा शिकतानाही सुमारे एक पंचमांश श्रम वाचल्याचे दिसले होते. जुन्या वहीत तेवढी पुंजी शिल्लक असते, ती का सोडावी?

धागाकर्ता

आठवण्याला माझा विरोध नाही, त्यासाठी कोरा कागदही पुरतो. आणि एबिंगहाउसचे अक्षरगट मुद्दाम अर्थहीन निवडलेले होते; न समजलेल्या ओळींची कार्डे करून आपण आपल्या विषयालाही त्याच पंक्तीला बसवतो, ही माझी तक्रार आहे.

दुसरा प्रतिसाद

दोघांनीही कार्ड लिहावे कसे, हा प्रश्न वगळला आहे. माझा क्रम असा: वही मिटून प्रकरणातले जे आठवेल ते लिहावे, नंतर वही उघडून ताडून पाहावे, राहिलेला भाग पाठ्यपुस्तकातून समजून घ्यावा आणि फक्त त्याचीच कार्डे करावीत. ‘मूत्रपिंडाची कार्ये लिहा’ हे कार्ड निरुपयोगी आहे, कारण पाचांपैकी चार कार्ये आठवली तर उत्तर बरोबर धरायचे की चूक, हे ठरत नाही. त्याऐवजी ‘रक्तदाब घसरल्यावर मूत्रपिंड काय स्रवते?’ (रेनिन) आणि ‘रेनिन अँजिओटेन्सिनोजेनपासून काय तयार करते?’ (अँजिओटेन्सिन-1) अशी दोन स्वतंत्र कार्डे करावीत. लाइटनरच्या 1972 मधील कप्प्यांच्या पद्धतीत बरोबर आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात सरकते आणि चुकलेले पहिल्या कप्प्यात परत जाते. मात्र मोघम प्रश्नाचे कार्ड तिथून हलतच नाही आणि दोष स्मरणशक्तीला दिला जातो.

पहिला प्रतिसाददाता

या क्रमात एक गृहीतक दडलेले आहे. आज कोऱ्या कागदावर जे उतरले ते दोन महिन्यांनीही उतरेल, याची हमी कोण देणार? आज येणाऱ्या गोष्टींचीही कार्डे केली तर त्यांच्या दोन उजळण्यांमधील अंतर झपाट्याने वाढत जाते, त्यामुळे त्यांचा भार वाटतो तितका नसतो. खरा भार चुकणाऱ्या कार्डांचाच असतो.

धागाकर्ता

अंतराचा मुद्दा मान्य. मी सोपी म्हणून काढून टाकणार होतो ती कार्डे आता ठेवतो. परंतु ‘वरचा घटक’ छापाची कार्डे आजच काढत आहे आणि त्यांच्या जागी, प्रकरण पुन्हा वाचून झाल्याशिवाय, एकही नवे कार्ड घालणार नाही.