साड्यांच्या दुकानासाठी छायाचित्रकार कसा निवडावा? (ठाणे)

प्रश्न : नौपाड्यातील दुकानदार

नमस्कार. नौपाड्यात आमचे साड्यांचे दुकान आहे. ते वडिलांनी सुरू केले आणि गेली अकरा वर्षे मी सांभाळतो आहे. पैठणी, इरकल, नारायणपेठ आणि खणाचे कापड हा आमचा मुख्य माल. गेल्या वर्षी आम्ही संकेतस्थळावरून विक्री सुरू केली, परंतु मोबाइलवर मीच काढलेल्या छायाचित्रांमुळे साड्या परत येण्याचे प्रमाण फार वाढले आहे. तक्रार बहुतेक एकच असते : चित्रात डाळिंबी दिसलेली साडी हातात आल्यावर राणी रंगाची निघाली.

आता 140 साड्यांचे काम व्यावसायिक छायाचित्रकाराकडे द्यायचे आहे. आमच्याच इमारतीत राहणारे एक परिचित लग्नसमारंभांचे छायाचित्रण करतात आणि ते दिवसाला 12,000 रुपये मागतात. वागळे इस्टेटमधील एका स्टुडिओने साडीमागे 450 रुपये सांगितले असून त्यात प्रत्येक साडीची चार चित्रे मिळतील. वाशीचे एक छायाचित्रकार दिवे घेऊन दुकानात येण्यास तयार आहेत, पण त्यांचा दर अजून कळलेला नाही. परिचितांचा अल्बम देखणा आहे आणि त्यांचा दरही मला कमी वाटतो. त्यांनाच काम द्यावे का?

उत्तर : निवृत्त छायाचित्रकार, कळवा

मी बावीस वर्षे कापड आणि भांडी यांचीच छायाचित्रे काढली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी दराविषयी. दिवसाचा दर कमी वाटतो, तो दिवसभरात किती साड्या होतील हे आपण विचारलेले नसते म्हणून. पुतळ्यावर साडी नेसवणे, निऱ्या बसवणे, पदर उलगडणे आणि चार कोनांतून चित्रे घेणे एवढे नीट करायचे तर दिवसाला वीस साड्या हा बरा वेग म्हणावा लागेल. म्हणजे 140 साड्यांना सात दिवस आणि 84,000 रुपये. स्टुडिओचे 63,000 होतात. शिवाय साडी नेसवणारी बाई आणि इस्त्री यांचा खर्च दरात धरला आहे का, हे दोघांनाही विचारा. हा खर्च बहुधा शेवटच्या बिलातच दिसतो.

लग्नाच्या अल्बमवरून साडीच्या कामाची पारख होत नाही. लग्नात चेहरा उजळ दिसला की सगळे खूश होतात आणि त्यासाठी रंग थोडे उबदार केले तरी कोणी तक्रार करत नाही. आपल्याला मात्र नेमका तोच बदल महागात पडतो. त्यातही पैठणी अवघड, कारण तिच्या धूपछाँव रंगात ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो. एका कोनातून ती जांभळी दिसते, तर जरा वळवली की गुलाबी. अशा साडीचे एकच चित्र काढले तर ते कितीही चांगले असले तरी अर्धे खोटेच असते. किमान दोन कोन आणि पदर हलताना दाखवणारी लहानशी चित्रफीत हवी. जरीवर समोरून फ्लॅश मारला की ती पांढरी पडते आणि मोरांची नक्षी पुसली जाते, म्हणून प्रकाश बाजूने आणि पडद्यातून गाळून द्यावा लागतो. दुकानातील ट्यूबलाइट आणि दारातून येणारे ऊन एकत्र आले, तर एकाच साडीचा काठ एका छटेत आणि अंग दुसऱ्या छटेत उतरते. वाशीचे गृहस्थ दुकानात आले तर त्यांना शटर ओढून, दुकानातील दिवे बंद करून केवळ स्वतःच्या दिव्यांवर काम करायला सांगा.

निवडीसाठी तिघांनाही त्याच तीन साड्यांचे काम पैसे देऊन करायला सांगा : एक काळी चंद्रकळा, एक मोतिया रंगाची आणि एक धूपछाँव पैठणी. काळ्या साडीचे पोत दिसते का, फिकट साडीच्या चुण्या प्रकाशात हरवतात का आणि पैठणीचे दोन्ही रंग उतरतात का, एवढे पाहिले की पुरे. ही चित्रे छायाचित्रकाराच्या पडद्यावर तपासू नका. साडी शेजारी ठेवून, सकाळच्या उजेडात गॅलरीत बसून, दोन-तीन साध्या मोबाइलवर पाहा, कारण आपला ग्राहक ती तिथेच पाहणार आहे. प्रत्येकाचा पडदा वेगळा असल्याने शंभर टक्के जुळणी कोणीच देऊ शकत नाही. तसे वचन देणाऱ्यापासून सावध राहिलेले बरे. कामाच्या आरंभी करडे कार्ड (रंग नेमके जुळवण्यासाठी वापरतात तो राखाडी पुठ्ठा) ठेवून एक चित्र घेतो का, हेही सहज पाहून ठेवा. जो घेतो, त्याला रंगांची काळजी आहे.

उत्तर : बुटीकचालक, नेरूळ

वरील उत्तरात हक्कांचा विषय राहिला, आणि मी त्यातच फसले होते. आमच्या छायाचित्रकाराने दिलेल्या दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की सर्व हक्क त्यांच्याकडे राहतील आणि चित्रे केवळ समाजमाध्यमांवर वापरता येतील. मी न वाचता होकार कळवला. पुढे तीच चित्रे फलकासाठी छापायची ठरली, तेव्हा वेगळे पैसे मोजावे लागले. वास्तविक 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 17 व्या कलमानुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक काम सांगणारा असतो, मात्र उलट करार नसेल तरच. माझ्या संमतीने तो उलट करार आपोआप झाला होता. मॉडेल घेणार असाल तर तिचीही लेखी संमती घ्या आणि चित्रे कोठे व किती काळ वापरणार, ते त्यात लिहा.

उत्तर : हिशेबनीस, घोडबंदर रोड

एक छोटी भर. स्टुडिओ जीएसटी नोंदणीकृत असेल तर 63,000 वर 18 टक्के धरून 74,340 रुपये होतील. आपण नियमित पद्धतीने कर भरत असाल तर त्याचे क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून तेवढी वजावट, मिळेल; कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय) असाल तर मिळणार नाही. नोंदणी नसलेल्या छायाचित्रकाराशी दराची तुलना करताना हा फरक ध्यानात असू द्यावा.

प्रश्नकर्ता : नौपाड्यातील दुकानदार

सर्वांचे आभार. सात दिवसांचा हिशेब मी खरोखरच केला नव्हता. तीन साड्यांची चाचणी तिघांकडून करून घेतो. परिचितांना नकार द्यावा लागला तर जिन्यात रोज भेट होणार आहे, तो प्रश्न माझा मी पाहीन. एक शंका उरते : ऐन पावसाळ्यात 140 रेशमी साड्या वागळे इस्टेटला पाठवणे योग्य होईल का?

उत्तर : निवृत्त छायाचित्रकार, कळवा

एकदम पाठवू नका. वीस-वीसचे गठ्ठे करा, प्रत्येक साडीला क्रमांकाची चिठ्ठी लावा, यादीच्या दोन प्रती करून देताना आणि घेताना सही घ्या. आपला एक माणूस दिवसभर तेथे बसवा, त्यालाच निऱ्यांची माहिती असल्याने कामही लवकर उरकेल. पहिल्या गठ्ठ्याची चित्रे पसंत पडल्याशिवाय दुसरा हलवू नका आणि सगळे काम नवरात्रापूर्वी हाती येईल अशी तारीख लिहून घ्या. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की आपले परिचितच काय, त्यांचे मदतनीसही फोन उचलणार नाहीत.