काय स्क्वेअर लावला की झालं संशोधन?

गंगापूर रोडकर: नाशकात गेली दहा वर्षं एम.कॉम.चे प्रकल्प तपासतोय. यंदाही तेच, शेवटच्या प्रकरणात काय स्क्वेअर, म्हणजे दोन गोष्टींत संबंध आहे का हे मोजदादीवरून तपासणारी चाचणी. का लावला म्हणून विचारलं तर "सरांनी सांगितलं". एका पोराने निफाडच्या 40 द्राक्ष बागायतदारांना विचारलं होतं की बागेचा विमा काढलाय का. 20 कर्जदारांपैकी 12 जणांनी काढला होता, कर्ज नसलेल्या 20 पैकी 6 जणांनी. पठ्ठ्याने सूत्रात आकड्यांऐवजी टक्के भरले, 60-40 आणि 30-70. उत्तर 18.18 आलं आणि निष्कर्ष ठोकला, "कर्ज व विमा यांत लक्षणीय संबंध"! माझं मत स्पष्ट आहे. या नॉनपॅरामेट्रिक (आकडे ठराविक आकारात पसरलेत असं न धरणाऱ्या) चाचण्या म्हणजे ज्यांना सरासरींची तुलना करणारी टी-टेस्ट झेपत नाही त्यांची पळवाट. पदवीला शिकवूच नयेत.

मखमलाबादची: सर, विमा काढला की नाही याची सरासरी कशी काढणार? चूक पोराची आणि फाशी चाचणीला? खरे आकडे घालून बघा. एकूण विमाधारक 18, म्हणजे संबंध नसता तर दोन्ही गटांत 9-9 असते आणि बिनविम्याचे 11-11. प्रत्येक घरात फरक 3 चा. 9 भागिले 9 म्हणजे 1, 9 भागिले 11 म्हणजे 0.82. दोन्ही गटांचं मिळून 3.64. संबंध लक्षणीय म्हणायला पाच टक्क्यांच्या पातळीला 3.84 ओलांडायला हवं, ते ओलांडलं नाही. टक्के भरल्याने 40 माणसांची 200 झाली, उत्तर बरोबर पाचपट फुगलं. कार्ल पिअर्सनने 1900 साली ही चाचणी मांडली ती मोजदादीसाठी. टक्क्यांची तिला सवयच नाही.

गंगापूर रोडकर: हो-नाहीपुरतं मान्य. पण कांद्याच्या भावाचं काय? खरे रुपये हातात असताना या चाचण्यांसाठी ते टाकून लहान-मोठ्याचे नुसते क्रमांक लावायचे, ही माहितीची नासाडी नाही का?

कांदेबहाद्दर: दादा, लासलगावला एकदा या. आठ ट्रॅक्टर साधारण सारख्या भावात जातात आणि नववा भिजलेला माल मातीमोल. त्या एकामुळे सरासरी कुठल्या कुठे जाते, क्रमांक मात्र जागचा हलत नाही. आणि नासाडी किती? आकडे अगदी घंटेच्या आकाराचे असले तरी मोठ्या नमुन्यात मान-व्हिटनीची (क्रमांकांवरून दोन गटांची तुलना करणाऱ्या चाचणीची) कार्यक्षमता टी-टेस्टच्या साधारण 95 टक्के. (ही क्रमांकाची वाट 1945 मध्ये दाखवणारा विल्कॉक्सन रसायनशास्त्रज्ञ होता, बुरशीनाशकांवर काम केलेला. निफाडकरांनी तरी त्याला पळपुटा म्हणू नये!)

आडगावकर: दोघंही एक गोष्ट विसरताय. नॉनपॅरामेट्रिक म्हणजे गृहीतकंच नाहीत असं नव्हे. मान-व्हिटनीला सगळे सर्रास मध्यकांची (क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्यांची) तुलना म्हणतात, पण दोन्ही गटांचा आकार सारखा नसेल तर ते खरं नाही. आणि काय स्क्वेअरची मुख्य अट म्हणजे प्रत्येक उत्तर स्वतंत्र हवं. आमच्याकडे तीन भावांचे तीन सातबारे असतात, विमा काढायचा की नाही ते एकटा म्हातारा ठरवतो. ती तीन उत्तरं धरायची की एक?

गंगापूर रोडकर: आत्ताच परिशिष्टातली यादी काढून पाहिली. 40 पैकी 9 जण एकाच गावचे, एकाच आडनावाचे. पोराला सोमवारी बोलावलंय.

मखमलाबादची: सोमवारी टक्क्यांचंही सांगा त्याला.