जड सबवूफर एमडीएफच्या पेटीत बसवताना लाकडाचे स्क्रू घ्यावेत की टी-नट?

प्रश्न

माझ्या गाडीत १८ मिमी एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) बंद पेटी आहे. तीत आधी बसवलेल्या १२ इंची सबवूफरच्या (खालच्या पट्टीतले आवाज वाजवणाऱ्या स्पीकरच्या) आठही भोकांत काळे जिप्सम स्क्रू मारलेले होते. तो काढताना दोन स्क्रूंची डोकी तुटली आणि तीन स्क्रू आटे गेल्यामुळे जागच्या जागी नुसते फिरत राहिले. नवा सबवूफर सुमारे १० किलोचा, म्हणजे जुन्यापेक्षा बराच जड आहे. एवढ्या वजनाला आणि सततच्या कंपनाला लाकडाचे स्क्रू पुरतील का, की टी-नट (फळीत मागून काट्यांनी रुतणारे, आतून आटे असलेले धातूचे नट) आणि बोल्टच वापरावेत? स्क्रूची जाडी, लांबी आणि आधी पाडायच्या भोकाचे मापही हवे आहे.

उत्तर १

स्क्रू उपटले जातील ही भीती बहुधा अनाठायी असते. कोन (स्पीकरचा पुढेमागे हलणारा पडदा) आणि त्याला जोडलेली तारेची कॉइल मिळून हलणारे वजन २०० ग्रॅम धरले आणि ४० हर्ट्‌झला कोन दोन्ही बाजूंना १० मिमी हलतो असे मानले, तर फ्रेमवर येणारा जोर सुमारे १२६ न्यूटन, म्हणजे साधारण १३ किलो वजनाइतका होतो. आठ स्क्रूंत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला दीड किलोच्या आसपास येतो. खड्ड्यातल्या धक्क्याने हा आकडा वाढतो हे खरे, पण नीट बसलेला स्क्रू त्याच्या कितीतरी पट जोर सहन करतो. आटे जातात ते स्क्रू आवळताना किंवा पुन्हा पुन्हा काढताना, गाणे वाजताना नव्हे.

त्यामुळे ८ नंबरचे, सुमारे ४.२ मिमी जाडीचे, विरळ आट्यांचे आणि पॅन हेड असलेले स्क्रू घ्यावेत. १८ मिमीच्या एका थराला २५ मिमी लांबी पुरते. पुढची फळी दुहेरी असेल तर ३२ ते ३८ मिमी घ्यावी. जिप्सम स्क्रू कडक असल्याने ठिसूळ असतो, शिवाय त्याचे निमुळते डोके फ्रेमच्या भोकात पाचरीसारखे अडकते आणि फ्रेमला सपाट दाब देत नाही. पॅन हेडची खालची बाजू सपाट असल्याने हा त्रास होत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आधी ३ मिमीचे भोक पाडावे. त्याशिवाय स्क्रू मारला की एमडीएफचे थर आतून फाकतात आणि भोकाभोवती छोटा फुगवटा येतो. या फुगवट्यावर फ्रेम टेकते, मधल्या भागात गॅस्केट (फ्रेम आणि पेटीमधली हवाबंद करणारी मऊ पट्टी) दबत नाही आणि तिथूनच हवा गळू लागते. भोक पाडूनही फुगवटा आला, तर तो पटाशीने सपाट करून मगच गॅस्केट लावावे.

उत्तर २

वरील हिशेब मान्य आहे, परंतु सबवूफर वारंवार काढावा लागत असेल तर मी धातूच्या आट्यांच्याच बाजूने आहे, कारण लाकडातले आटे प्रत्येक खेपेला थोडे झिजतातच. मात्र टी-नटचे काटे एमडीएफमध्ये घट्ट रुतत नाहीत. एकदा नट सुटून बोल्टबरोबर फिरू लागला की सबवूफर बाहेर काढणे अत्यंत जिकिरीचे होते, कारण आत हात घालायला वाटच उरलेली नसते. म्हणून तो मागच्या बाजूने बोल्टने ओढून बसवावा आणि कडेला इपॉक्सी लावावे. इपॉक्सी आट्यांत जाता कामा नये. नटाची चकती कापलेल्या गोलाच्या काठाबाहेर येत नाही ना, हेही आधी मोजून पाहावे. बोल्टला थ्रेडलॉकर (आटे पक्के धरून ठेवणारा चिकट द्रव) मुळीच लावू नये, कारण तो सोडवताना लागणारा जोर नटालाच फिरवून टाकतो.

प्रश्नकर्ता

मला सबवूफर वारंवार काढायचा नसल्याने मी स्क्रूच घेतो. पण जुन्या भोकांचे आणि आत तुटून राहिलेल्या दोन स्क्रूंचे काय करावे?

उत्तर १

नव्या फ्रेमलाही समान अंतरावर आठ भोके असतील, तर ती जुन्या जागेपासून साडेबावीस अंश फिरवावी, म्हणजे प्रत्येक नवे भोक दोन जुन्या भोकांच्या बरोबर मध्ये, ताज्या एमडीएफमध्ये येते. तुटलेले स्क्रू पृष्ठभागाच्या वर येत नसतील तर तसेच राहू द्यावेत, वर येत असतील तर कानशीने घासून सपाट करावेत. उरलेल्या भोकांत गोंद लावून लाकडी खुंट्या ठोकाव्यात, कारण २५ मिमीचा स्क्रू आरपार गेलेला असल्यास ते भोक हवा गळण्याची वाट बनते.

आवळताना ड्रिल मशीन दूर ठेवावे. बिट निसटून कोनमधून आरपार गेला तर सबवूफरच वाया जातो, म्हणून हातातला स्क्रूड्रायव्हर वापरावा आणि दुसऱ्या हाताने पुठ्ठा सराउंडवर (कोनच्या कडेच्या लवचिक पट्टीवर) धरावा. आधी सगळे स्क्रू सैल बसवून मग समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळत जावे, आणि गॅस्केट सगळीकडे सारखे दबले की थांबावे. शेवटी मंद आवाजात ३० हर्ट्‌झचा स्वर वाजवून ओला हात फ्रेमच्या कडेने फिरवावा. कुठे वाऱ्याची झुळूक लागली तर तिथले स्क्रू आणखी पिळण्याऐवजी ते काढून त्यांखालचा पृष्ठभाग तपासावा.