थीम पार्कची मोनोरेल चालकाविना का चालवू नये?

घोडबंदरवासी
आमच्या सोसायटीत सध्या ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोवरून जोरात वाद चालू आहे. 29 किमी, 22 स्थानकं, ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राची मंजुरी. गाडीत चालक असावा की नसावा, यावर दोन तट पडलेत. बोलता बोलता फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या मोनोरेलचा विषय निघाला. माझ्या मते हा मुद्दा तिथेच नीट तपासता येतो. तीही गोल फिरणारी, तुफान गर्दीची, आणि कित्येक वर्षं माणसाच्या हाताने चालवलेली.

ही मोनोरेल 1 ऑक्टोबर 1971 ला पार्कसोबतच सुरू झाली, 1982 मध्ये एपकॉटपर्यंत, म्हणजे तिथल्याच दुसऱ्या पार्कपर्यंत, वाढली. पुढची गाडी किती लांब आहे ते केबिनमधले दिवे चालकाला सांगायचे, आणि फारच जवळ गेलं तर यंत्रणा स्वतःहून ब्रेक लावायची. म्हणजे सुरक्षेचा अर्धा भाग यंत्राकडे होताच. उरलेल्या अर्ध्यात काय झालं, ते 5 जुलै 2009 ला दिसलं. रात्री दोनच्या सुमारास एक गाडी एपकॉटच्या मार्गावरून दुसऱ्या मार्गावर घ्यायची होती. त्यासाठी सांधा, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारा हलता तुकडा, बदलून गाडी उलटी न्यावी लागते, आणि उलटी नेताना ती टक्कर टाळणारी यंत्रणा बाजूला सारावी लागते. सांधा बदललेलाच नव्हता. तरी रेडिओवरून परवानगी मिळाली, आणि ती देणारा त्या वेळी नियंत्रण कक्षात नव्हता. गाडी त्याच मार्गावरून मागे आली आणि दुसरीवर आदळली. त्या दुसऱ्या गाडीचा चालक 21 वर्षांचा होता. तो गेला.

अशा ठिकाणी 'बघितलं का?', 'हो, बघितलं' यावर माणसाचा जीव टांगून ठेवायचा नसतो. संगणक चालवत असता तर सांधा जागेवर नाही म्हणून गाडी हललीच नसती. शिवाय कार्यक्षमता वाढते ती वेगळीच. प्रत्येक चालकाचा ब्रेक लावण्याचा हात निराळा. कुणी लवकर लावतो, कुणी उशिरा, आणि गोल मार्गावर एकाचा उशीर मागच्या सगळ्यांना भोवतो. गाड्या स्थानकाबाहेर वर अधांतरी ताटकळतात. यंत्र दर वेळी सारखंच थांबतं.

माझं मत स्पष्ट आहे: थीम पार्कमधली मोनोरेल पूर्ण स्वयंचलित असावी, आणि आपली वर्तुळाकार मेट्रोही.

कोपरीची_आई
तुमचं अपघाताबद्दलचं पटलं, कार्यक्षमतेबद्दलचं नाही. तिथे गाडीला उशीर ब्रेकमुळे होतच नाही, तो होतो दारात. रात्री आतषबाजी संपली की सगळं पार्क एकदम बाहेर पडतं. बाबागाड्या मिटवायच्या, झोपलेलं पोर खांद्यावर, दुसऱ्या हातात फुगे. व्हीलचेअर असेल तर कर्मचारी रॅम्प आणतो, दारात अंथरतो, खुर्ची आत जाते, तो रॅम्प उचलतो, मग दार बंद. एका गाडीत साडेतीनशेच्या आसपास माणसं मावतात. ती चढवण्या-उतरवण्यात जो वेळ जातो, तो सॉफ्टवेअर कसा कमी करणार? तोच पैसा फलाटावर माणसं वाढवायला लावा, पाच गाड्यांचं काम चार गाड्या करतील. ठाणे स्टेशनला सकाळी आठला उभे राहा, गाडी कशाने अडते ते कळेल.

घोडबंदरवासी
ताई, दारात वेळ जातो हे मान्य. पण म्हणूनच उरलेला प्रवास अचूक हवा ना? एका स्थानकात वीस सेकंद जास्त गेली, तर पुढच्या टप्प्यात ती कशी भरून काढायची आणि मागच्या गाडीला आधीच किती हळू करायचं, हे सगळ्या गाड्या एकदम दिसणाऱ्या यंत्रालाच जमतं. केबिनमधल्या माणसाला फक्त समोरचं दिसतं.

सिग्नलवाला_ऐरोली
याच कामात आयुष्य गेलं म्हणून लिहितो. घोडबंदरवासी, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळताय.

सांधा जागेवर नसेल तर गाडी हलू न देणं, याला इंटरलॉकिंग म्हणतात. ते शंभर वर्षांहून जुनं तंत्र आहे, त्यासाठी चालक काढावा लागत नाही. आपल्या लोकलमध्ये मोटरमन आहे, गार्ड आहे, आणि एडब्ल्यूएसही आहे. मोटरमनने सिग्नलकडे दुर्लक्ष केलं तर ते गाडी थांबवतं. चालवणं एक, चालवणाऱ्यावर पहारा ठेवणं दुसरं. 2009 ला तिथे पहाराच काढून ठेवला होता, तोही सर्वांत धोक्याच्या हालचालीसाठी. एनटीएसबी या अमेरिकेच्या वाहतूक अपघातांची चौकशी करणाऱ्या संस्थेच्या चौकशीतही बोट ठेवलं गेलं ते चुकलेल्या सांध्यावर, तो न तपासता दिलेल्या परवानगीवर आणि धड लेखी कार्यपद्धती नसण्यावर. 'चालक होता म्हणून अपघात झाला' असा अर्थ त्यातून निघत नाही. आणि मेला तो चालकच.

हाताने उलटी चालवायची सोय पूर्ण स्वयंचलित मार्गावरही ठेवावीच लागते. यंत्रणा बंद पडते तेव्हा तीच वापरतात. त्या वेळी पहारा कोण ठेवणार, हा प्रश्न जसाच्या तसा राहतो.

चेंबूर_ते_वाशी
लांब फ्लोरिडाला कशाला जायचं? 19 ऑगस्ट 2025 विसरलात? पावसाने लोकल बंद, म्हणून लोक मुंबईच्या मोनोरेलमध्ये घुसले. गाडीचं वजन 104 टनांच्या मर्यादेपलीकडे, 109 टनांवर गेलं, विजेचा संपर्क तुटला, आणि म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्कच्या मध्ये गाडी हवेतच उभी राहिली. एसी बंद, दिवे बंद, आत पाचशेहून जास्त लोक, खाली रस्त्यावर शिड्या लावून अग्निशमन दलाचे जवान. मोनोरेल ज्या बीमवर, म्हणजे तुळईवर, धावते तिला धड पायवाट नसते, उतरून चालत जाता येत नाही. तशा डब्यात तुमची आई असेल, तर भिंतीवरच्या स्पीकरमधून येणारा आवाज तिला पुरेल का? मला तरी गणवेशातलं एक माणूस हवं, जे म्हणेल, 'आजी, मी इथेच आहे, बसून घ्या.'

घोडबंदरवासी
हे वाचून मलाही कसंतरी झालं. पण त्या दिवशी गाडीत चालक होता. आणि ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरलं तर गाडी सुटूच न देणारं यंत्र असतं, तर ते गर्दीपुढे नमलं नसतं. फलाटावर चार लोक ओरडले की माणूस नमतो.

चेंबूर_ते_वाशी
चालक पुढे केबिनमध्ये होता. मी डब्यातल्या माणसाबद्दल बोलतेय.

सानपाडा_जुना
इथे तोक्योचं उदाहरण द्यायला हवं. तिथल्या डिस्ने रिसॉर्टची मोनोरेल जुलै 2001 पासून चालू आहे. साधारण 5 किमीचा गोल मार्ग, चार स्थानकं, एकाच दिशेने फिरते, आणि पहिल्या दिवसापासून चालकाविना. पुढे केबिनच नाही, प्रवासी काचेला नाक लावून बसतात. पण शेवटच्या डब्यात एक कर्मचारी असतो. फलाटावर नजर टाकून, सगळे चढले ना बघून दार लावतो. आपल्या गार्डचंच काम, फक्त 'सोडा गाडी' म्हणून दोन घंट्या द्यायला पुढे चालक नाही.

फ्लोरिडात पूर्वी प्रवाशांना चालकाशेजारी पुढच्या केबिनमध्ये बसता यायचं. 2009 नंतर ते बंद केलं. मुलांचा तो आनंद तोक्योने चालक काढून परत दिला, हे मला फार आवडतं.

कोपरीची_आई
सानपाडा काका, म्हणजे पगार वाचलाच नाही. माणूस पुढून मागे गेला, एवढंच.

सानपाडा_जुना
वाचू नयेच, हेच तर म्हणतोय. यंत्राने ब्रेक आणि अंतर सांभाळावं, माणसाने दार आणि माणसं. दिल्लीची मॅजेंटा लाइन डिसेंबर 2020 मध्ये चालकाविना झाली, तेव्हाही सुरुवातीला गाडीत कर्मचारी ठेवले होते.

घोडबंदरवासी
काका, सुरुवातीला ठीक. पण वर्षानुवर्षं काहीच करावं न लागणारा माणूस ऐन वेळी किती सावध असेल? फ्लोरिडातही पुढे ऑटोमेशन आलं, तरी केबिनमध्ये माणूस बसतोच. अशी अर्धवट व्यवस्था मला सर्वांत धोक्याची वाटते. यंत्र माणसावर विसंबतं, माणूस यंत्रावर.

सिग्नलवाला_ऐरोली
हा मात्र खरा मुद्दा आहे, आणि त्याला सोपं उत्तर नाही. बसून नुसतं बघत राहणाऱ्या माणसाचं लक्ष उडतंच. म्हणून त्याला केबिनमध्ये बसवू नका, डब्यांतून फिरवा. आणि दर महिन्याला रात्री, सेवा बंद झाल्यावर, त्याच्याकडून गाडी हाताने चालवून घ्या, अंधारात दार उघडून माणसं उतरवण्याचा सराव करून घ्या. ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोच्या निविदेत या सरावाची तरतूद आहे का, एवढं विचारायला तुमच्या सोसायटीला सांगा. पत्र लिहायचं असेल तर मसुदा मी करून देतो.

चेंबूर_ते_वाशी
करा. सही करायला मी येते, आणि माझ्या ऑफिसातल्या ठाण्याच्या मुलींनाही सांगते.