रिसीव्हर कोच नक्की शिकवतो काय?

राजवाडा_रात्री (इंदूर): भाचा अमेरिकेत कोलंबसला ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत शिकतोय, त्याच्यामुळे मलाही अमेरिकन फुटबॉलचा नाद लागला. शनिवारी रात्री साडेनऊला मॅच लावून बसतो, सराफ्यात खायला जाणं बंदच झालंय. हेड कोच समजलं, पण फक्त रिसीव्हरसाठी, म्हणजे पुढे पळत जाऊन पास झेलणाऱ्यांसाठी, वेगळा कोच? ओहायो स्टेटचा रिसीव्हर कोच राहिलेल्या ब्रायन हार्टलाइनचं एवढं कौतुक ऐकतो. उंच, सुसाट पळणारी पोरं तर आयतीच मिळतात, मग हा काय बॉल झेलायला शिकवतो का?

बडोद्याचा_बाळू: झेलणं फार नंतर दादा, आधी पाय. समोर कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा, नाकाला नाक लावून उभा असतो आणि व्यावसायिक लीग एनएफएलसारखा पाच यार्डांपुढे धक्का नाही हा नियम कॉलेजात नाही, म्हणजे धक्के जास्त वेळ खायचे. त्याला चकवून सुटणं म्हणजे रिलीज, खो-खोत खांद्याची हूल देऊन उलटीकडे निघतात ना तसंच, पण एक पाऊल जरी फुकट गेलं तर पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचं टायमिंग बोंबललं. मग रूट, म्हणजे पळायची ठरलेली वाट. कर्ल, म्हणजे पुढे पळून अचानक थांबून मागे वळायची वाट, असेल तर लांबच पळणार असं भासवत पूर्ण वेगात जायचं आणि कंबर खाली घालून दोन-तीन पावलांत थांबायचं. नवी पोरं थांबायच्या आधीच ताठ होतात, छाती वर आली की डिफेंडरला कळलंच. कोच हेच व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवतो.

झोपमोड_इंदूर: अरे पण भरतीच्या वेळी ज्यांना सगळ्यात वरचं फाइव्ह स्टार रेटिंग असतं ती पोरं गोळा केली की अर्धं काम तिथंच झालं ना भिया. त्यांच्यातल्याच जेरेमाया स्मिथला कोण काय शिकवणार!

बडोद्याचा_बाळू: आणि ओहायो स्टेटचाच रिसीव्हर क्रिस ओलावे? थ्री स्टार होता तो. २०२२च्या ड्राफ्टमधे, म्हणजे एनएफएलचे संघ कॉलेजची पोरं निवडतात त्यात, त्याचा जोडीदार गॅरेट विल्सन १०वा आणि लगेच ओलावे ११वा. त्याच वर्षीच्या रोझ बोल या मोठ्या कॉलेज मॅचमधे हे दोघं खेळलेच नाहीत, तर जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बाने पास झेलून ३४७ यार्ड काढले आणि तोवर बहुतेक बाकावरच असलेल्या मार्व्हिन हॅरिसन ज्युनियरने ३ टचडाउन. बाकावरचं पोरगं असं तयार निघतं ते काय नुसत्या भरतीवर? हां, एक मात्र आहे, सीझनमधे एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेच्या, नियमाने आठवड्याला २० तासच सराव घेता येतो, त्यामुळे बॉल फेकायच्या मशीनपाशी एकट्याने घाम गाळणारा पोरगाच पुढे जातो, कोच तिथे काय करणार.

राजवाडा_रात्री: पण टीव्हीवर कॅमेरा बॉलवरच असतो हो, रिलीज बघायचा कुठे?

बडोद्याचा_बाळू: रिप्लेत. एंडझोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या, मागून दाखवतात तेव्हा बॉल सोडून पायांकडे बघा.