बीपी ११०, तरी हात गार. रेफर करण्याआधी काय करायचं?

एमओ, पाटण तालुका
ऊसतोड सुरू झाली, म्हणजे उलटलेल्या ट्रॉल्यांचे पेशंट येणार. समजा तिशीतला मजूर, ओटीपोट आणि मांडीला मार, बाहेर रक्त फारसं नाही. बीपी ११०/९०, नाडी १२८, तळहात गार आणि ओले, सारखा पाणी मागतोय. कराडला पोचायला तास-दीड तास. आरोग्य केंद्रात आरएल आणि एनएस (दोन प्रकारची सलाईन), ट्रॅनेक्सा (रक्तस्राव कमी करणारं औषध), ऑक्सिजन आहे, रक्त नाही. ‘बीपी नॉर्मल’ लिहून पाठवायचं का? सलाईन किती?

भूलतज्ज्ञ, मिरज
डॉक्टर, ‘नॉर्मल’ लिहू नका. हा शॉकच आहे, म्हणजे अवयवांना रक्त पुरत नाहीये. तरुण माणूस रक्तवाहिन्या आवळून बीपी धरून ठेवतो. वरचा आकडा घसरेपर्यंत साधारण ३० टक्के रक्त गेलेलं असतं. ७० किलोच्या माणसात दीड लिटर. तुमच्याच आकड्यांत वरच्या-खालच्या बीपीतला फरक फक्त २० आहे. नाडीला वरच्या बीपीने भागा: १२८ भागिले ११०, म्हणजे १.१६. ०.९ च्या पुढे गेलं की सावध व्हायचं, १ च्या पुढे गेलं की पुढच्या दवाखान्याला रक्ताची तयारी करायला सांगायचं.

नख ५ सेकंद दाबून सोडा. रंग परतायला ३ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर रक्तपुरवठा कमी. कोयनेच्या थंडीत बोटं फसवतात, म्हणून छातीच्या मधल्या हाडावरही दाबून बघा.

आता रक्त कुठं गेलं ते शोधायचं: छाती, पोट, कटिभाग, मांडी, आणि अंगाखालची चादर. एका मांडीचं हाड मोडलं तरी आत लिटर-दीड लिटर रक्त साठतं. कटिभाग हलवून तपासू नका, धरलेली गुठळी सुटते. चादरीची रुंद घडी करून आवळा, पण कमरेवर नाही. मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरून हाडाचा जो उंचवटा लागतो, त्या पातळीवर. इथं हमखास चूक होते, पट्टी वर सरकते आणि काहीच आवळलं जात नाही. दोन्ही पावलं एकत्र बांधा.

दोन्ही हातांना सलाईनची सुईनळी (कॅन्युला) करड्या रंगाची १६ नंबर, नाहीतर हिरवी १८. निळ्या २२ ने काही होत नाही. नळीची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळावा हिस्सा उरतो.

सलाईन: आत्ता ११० असताना बोलस (एकदम भरभर सोडलेलं सलाईन) नकोच, लाइन चालू ठेवा. मनगटाची नाडी लागेनाशी झाली किंवा बीपी ८० च्या खाली गेलं, तर आरएल २५० मिली आणि पुन्हा तपासणी. ८० ते ९० वर धरून ठेवायचं. डोक्याला मार असेल तर हा नियम नाही, तिथं ११० च्या वरच ठेवा. दोन लिटर सलाईन सोडलं की आकडा छान दिसतो, पण रक्त पातळ होतं, अंग गार पडतं, गुठळी धरत नाही. घोंगडी असेल तर घोंगडी, अंग झाका.

ट्रॅनेक्सा १ ग्रॅम, १०० मिली एनएसमध्ये, १० मिनिटांत. भसकन दिलं तर बीपी पडतं. अपघातापासून ३ तासांच्या आत. त्यानंतर दिलं तर नुकसान होऊ शकतं. पाणी तोंडानं नको, ओठ ओले करा.

१०८ वरील डॉक्टर, वाई
वरचं सगळं मान्य. घाटात ऑटोमॅटिक कफ भलतेच आकडे दाखवतो. कफ हातानं फुगवा, मनगटाची नाडी कधी परत लागते ते बघा. गार बोटावर ऑक्सिमीटरही भरवशाचा नाही. रेफर चिठ्ठीवर अपघाताची आणि ट्रॅनेक्साची वेळ ठळक लिहा, पुढचा १ ग्रॅम ८ तासांत त्यावरूनच चालतो.

फिजिशियन, तासगाव
एवढंच जोडतो की शॉक म्हणजे रक्तस्रावच, असं धरू नका. मानेच्या शिरा फुगलेल्या असतील तर छातीत अडकलेली हवा, हृदयाभोवती साठलेलं रक्त, किंवा हृदयच दमलेलं. फुफ्फुसात खरखर असेल तर सलाईनला हात आखडा. आमच्याकडे द्राक्षबागेत फवारणी करून आलेला माणूस घामानं निथळत असतो, पण नाडी मंद, बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला लाळ, ती कीटकनाशकाची विषबाधा, तिथं अॅट्रोपिन. नाडीवर विसंबताना ‘बीपीची गोळी चालू आहे का?’ हेही विचारा. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉलवर असलेल्याची नाडी वाढतच नाही.

आणि इंजेक्शननंतर किंवा मधमाशी चावल्यावर बीपी पडलं, अंगावर गांधी उठल्या, तर अॅड्रेनालिन अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, लगेच. फरक नसेल तर ५ मिनिटांनी पुन्हा. आधी एव्हिल-हायड्रोकॉर्ट (अॅलर्जीची नेहमीची इंजेक्शनं) देत बसण्यात जीव जातो.

एमओ, पाटण तालुका
आभार सर. वाटेत बीपी ६० झालं तर नॉरअॅड्रेनालिन (रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध) लावू का?

भूलतज्ज्ञ, मिरज
आधी पट्टी सरकली का ते बघा, मग २५० चे बोलस. त्यानेही घसरतच असेल तर नाइलाज म्हणून नॉरअॅड, तेही सलाईन चालू ठेवून. त्याच्या वाहिन्या आधीच आवळलेल्या आहेत, आत भरायलाच काही नाही. अॅम्प्यूलवरचं लेबल वाचूनच मिलिग्रॅम काढा, बायटार्ट्रेट (क्षार) आणि बेस (मूळ औषध) यांचा आकडा दुपटीनं वेगळा असतो.